साडेसहा लाख फोटो आणि अडून बसलेली आरएम

(आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना नेहमीची इंग्रजी अक्षरं (लहान; फक्त एआरजी_मॅक्स मोठ्या लिपीत) आणि आकडे. चिन्हं आणि मोकळ्या जागा मात्र दिसतात तशाच.)

प्रश्न: मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. आमच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचे दोन फोटो निघतात, एक भरलेल्या गाडीचा, एक रिकाम्या. चार हंगामांचे फोटो उबुंटूच्या एका मशीनवर एकाच फोल्डरात साठलेत, साडेसहा लाख तरी असतील. नावात गाडीचा नंबर, गाव आणि तारीख, मध्ये स्पेस. यादी पाहायला एलएस दिली की स्क्रीन गप्प. जुने काढायला 'आरएम *२०२१*.जेपीजी' दिली तर 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. साहेब म्हणतात, मशीनच बदला. खरंच मशीन कमी पडतंय का?

उत्तर: मशीन बदलू नका. नव्या मशीनवरही आरएम हेच म्हणेल. आणि ती अडली हे तुमचं नशीब समजा. गाडीचा नंबरच २०२१ असला तर? त्या गाडीचे चारही हंगामांचे फोटो गेले असते, आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आता ती अडली का ते पाहू. * चा अर्थ आरएमला कळतच नाही. तो शेल (टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) लावतं: फोल्डर वाचतं, जुळणारी सगळी नावं एका ओळीत मांडतं आणि ती आख्खी ओळ आरएमच्या हातात द्यायला जातं. त्या ओळीच्या लांबीला कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मर्यादा आहे. २००७ साली २.६.२३ हे कर्नल येईपर्यंत लिनक्सवर ती १२८ केबी होती. आता ती स्टॅकच्या (प्रोग्रामच्या कामचलाऊ स्मृतीच्या) मर्यादेच्या पाव असते, म्हणजे बहुतेक मशीनवर २० लाख ९७ हजार १५२ बाइट. 'गेटकॉन्फ एआरजी_मॅक्स' देऊन तुमचा आकडा पाहून घ्या. तुमची नावं चाळीसेक बाइटांची धरू. त्यातल्या एका हंगामाचीच, समजा एक लाख साठ हजार नावं, ६४ लाख बाइट झाली. आख्खं वऱ्हाड एकाच एसटीत कोंबायला निघालात, कंडक्टरनं घंटी दिली नाही. दोन फेऱ्या जास्त झाल्या की सगळे पोचतात.

या फेऱ्या मारायचं काम फाइंड या फाइली शोधणाऱ्या आज्ञेचं. पण आधी मोजणी करू. एलएस गप्प बसते कारण ती सगळी नावं गोळा करून अक्षरानुसार लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. शिवाय उबुंटूवर ती रंगीत असते. कुठल्या नावाला कुठला रंग द्यायचा हे ठरवायला फाइलींची जास्तीची माहिती विचारत बसते. 'एलएस -एफ' (लहान एफ) दिली तर क्रम लावायची भानगड नाही, नावं लगेच धावायला लागतात. आकडा हवा असेल तर मी हे देते:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -टाइप एफ -प्रिंटएफ '.' | डब्ल्यूसी -सी

दर फाइलमागे एक टिंब छापलं जातं आणि डब्ल्यूसी ती टिंबं मोजते. नावं मोजत नाही, कारण युनिक्समध्ये फाइलच्या नावात स्पेस चालते, अवतरणचिन्ह चालतं, चक्क नवी ओळसुद्धा चालते. चालत नाहीत दोनच गोष्टी: तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट.

आता हंगाम वेगळे करू. साखरेचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, तेव्हा नावातल्या आकड्यांच्या नादी न लागता फाइलच्या तारखेवर जा:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' -न्यूअरएमटी '२०२१-१०-०१' -नॉट -न्यूअरएमटी '२०२२-१०-०१' -प्रिंट | लेस

आयनेम अशासाठी की कॅमेरा बदलला की .जेपीजी मोठ्या लिपीत येतं, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. त्याभोवतीची अवतरणचिन्हं गाळायची नाहीत, नाहीतर शेल पुन्हा मध्ये घुसून * सोडवून बसेल. एक धोका राहतो. मधल्या काळात कुणी हे फोटो साध्या सीपीनं (नक्कल करायची आज्ञा) एका डिस्कवरून दुसरीवर आणले असतील, तर सगळ्यांवर त्या दिवसाचीच तारीख पडलेली असते. लेसमध्ये वरखाली करून नावातली तारीख आणि हंगाम जुळतोय का ते निवांत पाहा. यादी पटेपर्यंत पुढची आज्ञा टाइपसुद्धा करू नका.

पटली, की आधी 'एमकेडिर' वापरून शेजारी हंगाम_२१_२२ हा फोल्डर करा. मग वरचीच आज्ञा, फक्त शेवटी '-प्रिंट | लेस' च्या जागी हे:

-एक्झेक एमव्ही -टी ../हंगाम_२१_२२ {} +

शेवटचं अधिकचिन्ह महत्त्वाचं. त्यामुळे फाइंड एका खेपेत मावतील तेवढी नावं एमव्हीला (फाइली हलवणारी आज्ञा) देतं आणि गरजेइतक्या खेपा करतं. अनेक ठिकाणी त्या जागी '\;' लिहिलेलं सापडेल. तेही चालतं, पण मग दर फोटोमागे एमव्ही नव्यानं सुरू होते. तुमच्याकडे लाख-दीड लाख वेळा. डिस्क तीच असेल तर फोटोचा मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद इकडची तिकडे होते, म्हणून हे काम भरभर उरकतं.

फाइंडपुढे पाइप (| हे चिन्ह) लावून नावं एक्सआर्ग्सला, म्हणजे ती दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या साधनाला, देण्याची पद्धतही आहे, पण तुमच्या नावांत स्पेस आहेत. साधं एक्सआर्ग्स 'एमएच ०९' चे दोन तुकडे करतं आणि 'एमएच' नावाची फाइल शोधत बसतं. तेव्हा फाइंडला '-प्रिंट०' आणि एक्सआर्ग्सला '-०', ही जोडी एकत्रच हवी.

पुसायचं नंतर बघू. काटामारीच्या तक्रारी कुठल्या हंगामात कुठून निघतील सांगता येत नाही, आणि तेव्हा हे फोटोच कारखान्याच्या बाजूनं बोलतात. शेती खात्याकडून आणि लेखापरीक्षकांकडून लेखी होकार घ्या, तोवर दुसऱ्या डिस्कवर 'आरसिंक -ए' नं नक्कल करून ठेवा. होकार आल्यावर फाइंडचंच '-डिलीट' वापरा, पण ते ओळीच्या अगदी शेवटी. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं. 'फाइंड . -डिलीट -आयनेम ...' असं लिहिलंत तर नावाची अट तपासण्याआधीच सगळं पुसून मोकळं होतं. विचारत नाही, परत देत नाही.

सगळे हंगाम आपापल्या घरी गेले तरी तो जुना फोल्डर सुस्तच वाटेल. 'एलएस -एलडी' देऊन पाहा: रिकाम्या फोल्डरचा आकार ४०९६ असायला हवा, तिथे कित्येक एमबी दिसतील. ईएक्सटी४ मध्ये (उबुंटूची डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत) फोल्डर फुगतो, पण आतलं काढल्यावर आकसत नाही. नवा फोल्डर करा, उरलेल्या फाइली त्यात न्या, जुना 'आरएमडिर'नं काढा. आणि काट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की यापुढे दर दिवसाचा वेगळा फोल्डर पाडायचा. 'करता येत नाही' असं तो आधी म्हणेल. येतं.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या सर्व्हरवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय. पण डीएफ -एच म्हणतंय, अर्धी डिस्क मोकळी आहे. खरं कुणाचं? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: दोघांचंही. 'डीएफ -आय' देऊन पाहा, तिथे शंभर टक्के दिसेल. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो आणि आयनोड किती, ते फॉरमॅट करतानाच ठरतं: साधारणपणे दर १६,३८४ बाइटांमागे एक. २० जीबीच्या विभागाला १३ लाख १० हजारांच्या आसपास. फाइली चिमुकल्या असल्या तर जागा उरते आणि आयनोड संपतात. कुठे संपले ते असं कळेल:

डीयू --आयनोड्स -एक्स / | सॉर्ट -एन | टेल

बहुतेक वेळा पीएचपीच्या सेशन फाइलींचा ढीग सापडतो, नाहीतर क्रॉननं (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) रूटला, म्हणजे मुख्य खात्याला, पाठवलेली आणि कुणीच न उघडलेली पत्रं. वरच्या उत्तरातली फाइंड तिथेही चालते. आयनोड नंतर वाढवायचे तर विभागच मोठा करावा लागतो. पुढचा सर्व्हर उभारताना ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस या पद्धतीचा विचार करा, त्यात ते लागतील तसे तयार होतात.

प्रश्न: एकाच फोल्डरात 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली दिसतात. एकच नाव दोनदा कसं? (वाचक, बेळगाव)

उत्तर: डोळ्यांना एक, डिस्कला दोन. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ, हलन्त, य असा, किंवा साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. पहिला ९ बाइटांचा, दुसरा १२. भर म्हणून जुन्या मॅकच्या डिस्कवर ऱ सुटा होऊन र आणि नुक्ता असा साठायचा. 'एलएस | ओडी -टी एक्स१' दिलीत तर दोन्ही नावांतला फरक बाइटागणिक दिसेल. शोधताना 'शेतक*' एवढंच लिहा, म्हणजे दोन्ही हाती लागतील. आणि नावं आटोपशीर ठेवा: मर्यादा २५५ बाइटांची आहे, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं.

नुक्त्याची गडबड कॉन्व्हएमव्ही हे साधन '--एनएफसी' देऊन दुरुस्त करतं. जोडचिन्हाची करत नाही, ती नावं हातानंच बदलावी लागतील. कॉन्व्हएमव्ही आपण होऊन काहीच बदलत नाही, काय बदलेल ते फक्त दाखवतं. यादी वाचून झाली की '--नोटेस्ट' जोडायचं.