नवऱ्याची नोकरी गेलीय? सुरुवातीला एवढंच करा

ताई, तुमच्या ह्यांची नोकरी जाऊन चौथाच महिना आहे ना? आमच्या ह्यांना लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून कमी केलं, त्यानंतर आम्ही एकोणीस महिने काढले. त्यावरून सांगते.

पहिलं म्हणजे, रोज "फोन आला का?" असं विचारू नका. माझी मोठी चूक हीच. मी कामावरून आले की चपला काढायच्या आत विचारायचे. पुढे पुढे माझी यायची वेळ झाली की हे खाडीवर जाऊन बसायला लागले. मग रविवारी सकाळचा अर्धा तास ठरवला. अर्ज, पैसे, काय ते तेव्हाच बोलायचं. बाकी आठवडा त्या विषयाला कुलूप. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते त्यामुळे.

दुसरं, कागद:
- पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात होता तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी लगेच करा. योजना चालू असेल आणि पात्र ठरलात तर ९० दिवसांपर्यंत बेकारीचा भत्ता मिळतो.
- कंपनीचा आरोग्य विमा चालू आहे का, बघा.

घरकाम वाटून घ्या, पण "घरीच तर असता" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. गणपतीला चाकरमानी येतील, विचारतील. काय सांगायचं ते दोघांनी आधीच ठरवा.

कर्ज काढून होमस्टे वगैरे सुरू करायचं मनात येईल, पण ते सध्या नकोच, त्यावर नंतर बोलू. त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं तर मात्र थांबू नका. १४४१६ वर टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.