छोट्या मध्ययुगीन स्वारांचे घोडे खरे वाटावेत म्हणून कसे रंगवायचे?

तुम्ही १:७२ मापाचे, म्हणजे माणूस जेमतेम इंचभर, असे युरोपातले मध्ययुगीन सरदार रंगवताय. चिलखतं आणि ढाली जमतात, पण घोडे चॉकलेटचे वाटतात, तेव्हा तपकिरी रंगाची कुठली बाटली घ्यावी असं विचारलंय. बाटली आहे तीच राहू द्या. गडबड बाटलीत नाही.

मी कोल्हापूरचा. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला कुंभार गल्लीतून आणलेले मावळे घरी पुन्हा रंगवायचा नाद लहानपणी लागला, तो अजून सुटलेला नाही. घोड्यांच्या बाबतीत माझंही तुमच्यासारखंच चाललं होतं. एकदा रंकाळ्यावर पोरांना घोड्यावरून फिरवणाऱ्या एका मामांना मी माझा घोडा दाखवला. कौतुक होईल अशी आशा होती. त्यांनी तो तळहातावर फिरवून बघितला आणि म्हणाले, "रंग झ्याक हाय ओ, पर ह्याला म्हणायचं काय? पाय कुमैताचं, आयाळ सुरंगाची."

तिथं माझी ट्यूब पेटली. घोड्याच्या रंगांची ही जुनी नावं म्हणजे रंगवायच्या कृतीच आहेत. कुमैत म्हणजे अंग तांबूस-तपकिरी, पण आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि गुडघ्याखालचे पाय काळे. सुरंगाचं अंगही तांबूसच, पण त्यावर काळं कुठंच नाही. आयाळ अंगाच्याच रंगाची, नाहीतर थोडी फिकी. सब्जा दिसतो पांढुरका, पण त्याची कातडी काळी, म्हणून नाकपुड्या आणि डोळ्यांभोवती राखाडी छटा हवी. तो जन्मतो गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. त्यामुळे तरुण सब्जाच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, फिकट गोल ठिपके काढले तर शोभतात, म्हाताऱ्याच्या नाही. कातडीच गुलाबी असेल तर तो नुकरा. आधी नाव ठरवा, मग ब्रश उचला.

सुरुवात कुमैतापासून करा, कारण तो सगळ्यात जास्त चुका पोटात घालतो. मऊ प्लास्टिकचा घोडा भांडी घासायच्या साबणानं धुऊन घ्या, नाहीतर पायांवरचे पोपडे निघतात. प्रायमरवर पिवळी माती (यलो ऑकर नावाचा रंग) आणि थोडा बर्न्ट सिएना मिसळून ॲक्रिलिकचा हात द्या. रंग तुम्हाला भडक, जवळजवळ नारिंगी वाटेल. वाटू दे. पूर्ण एक दिवस वाळल्यावर ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर अंगभर पातळ फासा. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं किंवा मेकअपच्या स्पंजानं, केसांच्या दिशेनं, हलक्या हातानं पुसा. खांदा, पुठ्ठा, बरगड्या उघड्या पडतात आणि खाचांत गडद रंग राहतो. ब्रशनं छाया काढण्यात मी वर्षं घालवली, ती या चिंधीनं फुकट ठरवली. पोट आणि मांड्यांची आतली बाजू जरा जास्त पुसा, तिथं घोडा फिका असतो.

आता घाई करू नका. ऑइल वाळायला दोन-चार दिवस लागतात. आमच्याकडच्या जुलैतल्या पावसात आठवडाही जातो. मग पाय, आयाळ, शेपूट. निव्वळ काळा वापरू नका, त्यात तपकिरी मिसळा. गुडघ्यापाशी रेघ दिसता कामा नये; जवळजवळ कोरड्या ब्रशनं काळं वर विरवत न्या.

डोळ्यात पांढरं भरायचा मोह आवरा. शांत उभ्या घोड्याच्या डोळ्यातलं पांढरं सहसा दिसतच नाही. ते रंगवलं की घोडा भेदरलेला वाटतो. काळपट तपकिरी ठिपका, वर मॅट वार्निश आणि शेवटी फक्त डोळ्यावर चकाकीच्या वार्निशचा एक थेंब. खुरांचंही तसंच: पाय पांढरा असेल तर त्याखालचं खूर बहुधा फिकट, शिंगाच्या रंगाचं असतं. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला घोडा रंगवून खुरं काळी केलीत, तर जाणकार लगेच पकडतो. ज्यांच्यावर झूल आहे त्यांची फार चिंता नको, तोंड आणि पायच दिसतात.

आणि सगळी तुकडी एकाच रंगाची करू नका. आपल्याकडचा शिलेदार जसा स्वतःचा घोडा घेऊन यायचा, तसेच हे सरदारही आपापलेच घोडे आणायचे. दहात मी पाच-सहा कुमैत, दोन-तीन सुरंग आणि एक सब्जा ठेवतो. अबलख, म्हणजे काळा-पांढरा, फार तर एक, तोही अगदी राहवलं नाही तर. बघणारा त्याच्याकडेच बघतो आणि ज्याच्या ढालीवर तुम्ही तीन रात्री घालवल्यात तो सरदार तसाच राहतो.