वाचकांचे प्रश्न : गोळीत गोडवा किती आणि भर कशाची?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. थोडेसे दूध पोटात गेले तरी तिच्या अंगावर पित्त उठते आणि ओठ सुजतात. तिच्या आजोबांना मधुमेह असल्याने त्यांच्यासाठी साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या घरात असतात. या गोळ्या मुलीला चालतील का? घरातील सर्वांना चालेल असा एकच पर्याय सुचवावा.

उत्तर : गोड द्रव्य कोणते, एवढेच पाहून आपण निर्णय घेतो आणि नेमकी तेथेच गफलत होते. अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा त्यातील प्रथिनांमुळे होते. सुक्रालोज, सॅकरिन किंवा शुद्ध केलेले स्टीव्हियाचे अर्क ही प्रथिने नाहीत, त्यामुळे त्यांची खरी ॲलर्जी क्वचितच आढळते. मात्र सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. म्हणजे चार ग्रॅम साखरेचा, अर्थात एका लहान चमच्याचा, गोडवा आणायला त्याचे सात मिलिग्रॅमही पुरतात. इतक्या सूक्ष्म कणाची गोळी वळता येत नाही, म्हणून तिच्यात दुसरे काहीतरी भरावे लागते, आणि वजनाने पाहिले तर गोळीचा बहुतांश भाग त्या भरीचाच असतो.

गोळ्यांमध्ये ही भर पुष्कळदा लॅक्टोजची, म्हणजे दुधातील साखरेची असते. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना गोळीतील काही मिलिग्रॅम लॅक्टोजने सहसा काही होत नाही. आपल्या मुलीचा त्रास वेगळा आहे. तिचे शरीर दुधातील प्रथिनांवर प्रतिक्रिया देते, आणि लॅक्टोज दुधापासूनच काढलेले असल्याने त्यात प्रथिनाचा अंश राहून गेलेला असू शकतो. तो बहुधा अत्यल्प असतो, परंतु थोड्याशा दुधानेही जिचे ओठ सुजतात तिच्यावर हा प्रयोग करू नये. आजोबांच्या गोळ्यांच्या डबीवरील घटकसूची आजच वाचावी आणि लॅक्टोज लिहिलेले असल्यास ती डबी मुलीपासून दूर ठेवावी. लॅक्टिटॉल आणि टॅगाटोज हे पर्यायही दुधातील साखरेपासून तयार केले जातात, हे त्यांच्या नावांवरून सहज लक्षात येत नाही.

पुड्यांमध्ये भर म्हणून सहसा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असते. ते पिष्टापासून बनते आणि त्यात दुधाचा संबंध नसतो. मात्र त्याने रक्तातील साखर थोडी वाढते, म्हणून दिवसभरात अनेक पुड्या वापरणाऱ्या आजोबांनी त्याचा हिशेब ठेवावा. दोघांसाठी एकच वस्तू घरात ठेवायची असेल तर थेंबांच्या स्वरूपातील सुक्रालोज किंवा स्टीव्हिया मला अधिक सोयीचे वाटते, कारण द्रवात अशा कोरड्या भरीची गरज नसते. तरीही घटकसूची वाचावीच, आणि नवी बाटली आणली की पुन्हा वाचावी, कारण उत्पादक गाजावाजा न करता घटक बदलतात.

एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही : मुलीला मधुमेह नसताना तिला पर्याय हवाच कशासाठी? शुद्ध केलेल्या साखरेत प्रथिने जवळजवळ नसतात, त्यामुळे निव्वळ ॲलर्जीच्या दृष्टीने साखरच तिच्यासाठी सर्वांत सरळ वस्तू आहे. प्रमाण सांभाळले म्हणजे झाले.

प्रश्न : साखरमुक्त चॉकलेट खाल्ले की माझे पोट फुगते आणि जुलाब होतात. ही ॲलर्जी समजावी का?

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तसे वाटत नाही. अशा चॉकलेटात बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असते. ते लहान आतड्यात पूर्णपणे शोषले जात नाही. उरलेला भाग पाणी ओढून घेतो आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू तो आंबवतात. त्रास किती होईल हे किती खाल्ले यावर ठरते, म्हणून अर्धे चॉकलेट खाऊन पाहिले तर फरक जाणवेल. एरिथ्रिटॉल बहुतांशी शोषले जाऊन लघवीवाटे बाहेर पडत असल्याने पोटाला कमी जड जाते. मात्र त्याने अंगावर पित्त उठल्याची आणि तीव्र ॲलर्जीचा झटका आल्याचीही मोजकी उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, दम लागणे असे काही झाले तर मात्र तो पोटाच्या कुरबुरीचा विषय राहत नाही आणि तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते. शिवाय साखरमुक्त पदार्थांत बदामाची पूड, दूध पावडर किंवा शेंगदाणे असू शकतात, त्यामुळे दोष गोड द्रव्याला देण्याआधी बाकीची यादीही तपासावी.

प्रश्न : मला परागकणांची ॲलर्जी आहे. साखरेऐवजी मध किंवा स्टीव्हिया घेऊ का?

उत्तर : स्टीव्हिया ही वनस्पती शेवंतीच्या कुळातील आहे. त्या कुळातील वनस्पतींच्या परागकणांचा त्रास असेल तर तिच्या पानांची कच्ची पूड टाळावी. शुद्ध केलेल्या अर्कात वनस्पतीची प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, म्हणून तो बरा. मधात परागकण आणि मधमाशीची प्रथिने दोन्ही असतात. मध खाऊन पूर्वी घशात खाज सुटली असेल तर ॲलर्जीतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो पुन्हा घेऊ नये. तसेही रक्तातील साखरेच्या दृष्टीने मध हा साखरेचा पर्याय नव्हे, ती साखरच आहे.