गोठा, ओवी आणि प्रार्थनेचा तास

प्रश्न : आम्ही हिंदू असून आमची मुलगी वसईतील एका कॅथलिक शाळेत पाचवीत शिकते. नाताळच्या गोठ्याची सजावट आणि गायनवृंद यांत ती रमली आहे. मात्र प्रार्थनेला बसणे तिला सक्तीचे आहे का?

उत्तर : नाही. शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २८(३) सांगतो. आपली इच्छा मुख्याध्यापकांना लेखी कळवावी.

तिची कला मात्र थांबवू नका, ही कळकळीची विनंती. येशूच्या जन्मातील दारिद्र्य प्रत्यक्ष डोळ्यांना दिसावे म्हणून असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो येथे गव्हाणीत गवत पसरून बैल आणि गाढव उभे केले होते. म्हणजे ही सजावट मुळातच हातांनी केलेली प्रार्थना आहे, आणि तिच्याकडे आदराने पाहण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. गायनवृंदासाठी इंग्रज धर्मप्रसारक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली प्रथम छापलेल्या ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी काव्यातील येशूजन्माच्या चार ओव्या शिक्षकांना अवश्य सुचवा. घरी ज्ञानेश्वरी ऐकलेल्या मुलीला तो ओवीछंद परका वाटणार नाही.