ब्राउझरमधलं ॲप नेट गेल्यावरही सॉफ्टवेअरसारखं चालते का?

चालते भाऊ, पण सगळे नाही चालत. सॉफ्टवेअरसारखी वेगळी खिडकी, डेस्कटॉपवर आयकॉन, वर ॲड्रेस बार नाही, हे क्रोमच्या तीन टिंबांत जाऊन बहुतेक कोणत्याही साइटचं करता येते, त्यानं ते नेटशिवाय चालेलच असं नाही ना बाप्पा. खरी मेख सर्व्हिस वर्करमध्ये हाय, म्हणजे साइट एक स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरात बसवते, ती पेजच्या फायली तुमच्याच कॉम्प्युटरवर साठवते अन नेट गेलं की तिथून काढून देते. अशा ॲपले पीडब्ल्यूए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब ॲप, म्हणतात, नाव २०१५ चं.

आमच्या गावात लाइन गेली की राउटर बंद, लॅपटॉप चालू, तरी कृषी केंद्राची उधारी गूगल शीटमध्ये लिहिणं होते, फक्त नेट असतानाच ऑफलाइनची सेटिंग लावून ठेवा. फोटो एडिट करायची फोटोपी नावाची साइट तर पाहून घ्याच, फोटोशॉपची पीएसडी फाइल ब्राउझरात उघडते अन ती त्यांच्या सर्व्हरवर जातबी नाही, लग्नाच्या फ्लेक्सचं काम त्यातच होते.

अन हो, 'ब्राउझर साफ कर' म्हणून कोणी पोरगा बसला तर उठवा त्याले, साइट डेटा पुसला की सर्व्हरवर न गेलेल्या नोंदीबी जातात, माझ्या तर ऐन पेरणीतल्या गेल्या.