फॉरमॅट राहू द्या, आधी फोटो बाहेर काढा

लॅपटॉप सारखा गोठतो, काय करू, असं तुम्ही विचारलंत. दुकानदार म्हणतो 'फॉरमॅट मारा, रॅम वाढवा', पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून दुखणं वेगळं दिसतंय. ४ जीबी रॅम आज कमी आहे, हे खरं. मात्र रॅम कमी असली की लॅपटॉप सगळीकडेच रखडतो. तुमचा नेमका फोटोंच्या एका फोल्डरवर गेला की गोठतो आणि मिनिटभराने जागा होतो. हे हार्ड डिस्क बिघडत असल्याचं लक्षण.

खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली डिस्क उघडा. नुसत्या १०० टक्क्यांना घाबरू नका. विंडोज अपडेट चालू असताना धडधाकट हार्ड डिस्कसुद्धा तेवढं दाखवते. बघायचं ते खाली: वाचनाचा वेग शून्याच्या आसपास आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद, असं वारंवार दिसलं तर डिस्क एकच सेक्टर (डेटा साठवायचा छोटा कप्पा) पुन्हा पुन्हा वाचायला धडपडतेय आणि विंडोज तिची वाट बघत बसलंय.

आता तुम्ही दिलेले क्रिस्टलडिस्कइन्फोचे (डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे) आकडे: पिवळं 'कॉशन', ०५ समोर ८, सी५ समोर ३०. रॉ व्हॅल्यूची (समोरच्या मूळ आकड्याची) सेटिंग बदलली नसेल तर ती हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत असते, म्हणजे तुमचे ३० हे खरे ४८. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, पण अजून निकाल न लागलेले. मला काळजी सी५ची वाटते, कारण त्या ४८ जागी तुमचा डेटा असू शकतो. सी७, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढलेला असता तर आधी केबल तपासा म्हणालो असतो. तो शून्य आहे, तेव्हा तो विषय संपला.

फॉरमॅटला माझा विरोध इथेच आहे. पूर्ण फॉरमॅटमध्ये त्या सेक्टरांवर नव्याने लिहिलं जातं. मग डिस्क एक तर ते पुन्हा वापरात घेते किंवा बदलून टाकते, सी५ शून्यावर येतो आणि सगळं ठणठणीत दिसतं. फोटो गेलेले असतात, झिजलेली डिस्क तशीच असते.

विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणीचा '/आर' पर्यायही आत्ता नको. तो संपूर्ण डिस्क तासन्‌तास खरवडून वाचतो, आणि आजारी डिस्ककडून एवढी मेहनत करून घ्यायचीच असेल तर ती कॉपीसाठी घ्या. डीफ्रॅगचं (विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचं) नावही काढू नका.

कॉपी शक्यतो विंडोजमधून करू नका. कमी रॅममुळे ते पेजफाइलसाठी (रॅमऐवजी डिस्कवर वापरलेल्या जागेसाठी) याच डिस्कला सतत हात घालतं, वर अँटिव्हायरस आणि इंडेक्सिंग. पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (इन्स्टॉल न करता चालणारी लिनक्स) चालवा, बाहेरची डिस्क जोडा आणि आधी परत मिळणार नाहीत त्या गोष्टी घ्या: फोटो, कागदपत्रं, हिशेब. सिनेमे पुन्हा मिळतात. अडणारं फोल्डर सगळ्यात शेवटी. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर उबुंटूत डिस्क उघडणारच नाही.) अख्खी डिस्क हवी असेल तर डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम वापरा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल मात्र द्या, म्हणजे मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

कट्‌कट्‌ आवाज येऊ लागला तर तिथेच बंद करा. फ्रीजरमध्ये ठेवायचे वगैरे उपाय करू नका. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायचं की फोटोंवर पाणी सोडायचं, एवढाच प्रश्न उरतो.

कोणी म्हणेल, कॉशन दाखवूनही डिस्क वर्षभर चालते. चालते कधीकधी. पण गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीच्या) चार महत्त्वाच्या आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता. तुम्हाला तो मिळालाय.

कॉपी झाली की हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. ७ मिलिमीटर जाडीची या लॅपटॉपमध्ये सहज बसते. विंडोज कोरं टाका. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असेल तर इंटरनेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. रॅमचा खर्च तोवर थांबवा, एसएसडीनंतर कदाचित गरजच भासणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नसेल तर त्याऐवजी लिनक्स मिंटचा विचार करा. कॉपीतले फोटो खरोखर उघडतात का हे पाहीपर्यंत जुनी डिस्क कोणाला देऊ नका.