आठव्या महिन्यातली खाज : पुरळ असताना आणि नसताना

"मॅडम, हे बाळाच्या अंगावर पण येणार का?"

खाजेची तक्रार घेऊन समुपदेशनाला येणाऱ्या गरोदर बाईचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. औषधाचं ती नंतर विचारते. भांडुपहून आलेल्या या ताईनेही आधी तेच विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 29, पहिलं बाळंतपण, 34वा आठवडा. सोबत सासूबाई. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर तिला इकडे पाठवलं होतं, कारण दोन आठवडे तिची झोप उडाली होती आणि ओपीडीत बोलता बोलता ती रडायला लागली होती.

पुरळ कुठून सुरू झालं, हे तिने नेमकं सांगितलं. बेंबीच्या खाली जे स्ट्रेच मार्क आलेत, त्या रेघांवरच आधी लाल, उचललेले दाणे आले. मग ते एकमेकांत मिसळून चट्टे झाले. तिथून मांड्या, नितंब, दंड. बेंबीभोवतीचं गोल मात्र स्वच्छ. चेहरा, तळहात, तळपायही स्वच्छ. पहिलटकरीण, शेवटची तिमाही, स्ट्रेच मार्कवरून सुरुवात आणि बेंबी वाचलेली: हे चित्र पीयूपीपीपी नावाच्या पुरळाचं, म्हणजे हल्लीच्या नावाने पॉलिमॉर्फिक इरप्शन ऑफ प्रेग्नन्सीचं. पोट ताणलं जाताना कातडीखालचे तंतू तुटतात आणि तिथे दाह सुरू होतो, असं त्याचं कारण मानलं जातं. जुळी असतील तर ते जास्त दिसतं, तेही त्यामुळेच. बाळाला यापासून काहीही होत नाही. बाळाच्या अंगावर येत नाही, वजनावर परिणाम नाही, आणि केवळ या पुरळासाठी सिझेरियन करायचं कारण नाही. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते जातं आणि पुढच्या खेपेला सहसा परत येत नाही.

हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतंच. पण ओपीडीतल्या तीन मिनिटांत ऐकलेलं घरी पोचेपर्यंत उरत नाही, आणि घरी "वांगं खाल्लंस म्हणून" हे रोज ऐकायला मिळत असेल तर मुळीच नाही. म्हणून सासूबाईंना समोर बसवूनच तेच पुन्हा सांगितलं: "आजी, हे उष्ण पदार्थांनी आलेलं नाही. वांगं, पपई, अंडं, कशानेच नाही. तिने काही चुकीचं केलेलं नाही." सासूबाई गप्प बसल्या. सुनेचे खांदे जरा खाली आले. दोष कोणाचा हा प्रश्न मिटल्याशिवाय काय लावायचं याकडे कोणाचं लक्ष लागत नाही.

तिच्या दंडावर सरळ, समांतर ओरखडे होते, अगदी एकसारख्या अंतराने. नखांचे तसे उमटत नाहीत. विचारल्यावर तिने पर्समधला कंगवा दाखवला. रात्री खाजवायला तो उशाशी असायचा. अशा ओरखड्यांतून जंतू शिरले की पुरळाच्या जागी पिकलेली जखम होते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तिचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. हे डाग राहतील का, अशी भीती तिलाही होती. पुरळ स्वतः डाग फारसे ठेवत नाही, खाजवणं ठेवतं.

मग तिने सोबत आणलेली पिशवी टेबलावर उलटी केली. त्यातल्या प्रत्येक वस्तूचा निकाल लावावा लागला.

कॅलामाइन लोशन: चालेल, गरोदरपणात सुरक्षित आहे. पण ते कातडी कोरडी करतं, म्हणून ओलसर चट्ट्यांवर ठीक, भेगाळलेल्या कोरड्या जागी नको. मेंथॉलची घामोळ्यांची पावडर: क्षणभर गार वाटतं, मग घामाबरोबर तिचा लगदा काखेत आणि पोटाच्या वळीत बसतो. बंद. कडुनिंबाचा साबण आणि आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण: हे पुरळ जंतूंमुळे नाही, त्यामुळे उपयोग शून्य आणि कोरडेपणा दुप्पट. बेसन-हळदीचं उटणं: चोळून काढताना दाणे सोलवटतात. खोबरेल तेलात कापूर: नुसतं खोबरेल उत्तम, कापूर नको. कापूर कातडीतून, विशेषतः ओरखडलेल्या कातडीतून, रक्तात जातो आणि वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. आमसुलाचं पाणी सासूबाईंनी सुचवलं होतं. कोकणातल्या घरात अंगावर पित्त उठलं की हाच पहिला उपाय. न सोललेल्या कातडीवर लावलं तर तक्रार नाही, पण कंगव्याने सोललेल्या जागी ते आंबट पाणी झोंबतं. कोकम सरबत करून प्यावं, साखर बेताची.

पिशवीत तळाशी एक अर्धी पिळलेली ट्यूब होती. नाक्यावरच्या केमिस्टने "सगळ्या खाजेवर चालते" म्हणून दिलेली. त्यात क्लोबेटासॉल, म्हणजे सर्वात तीव्र गटातलं स्टेरॉइड, सोबत एक बुरशीवरचं औषध आणि एक अँटिबायोटिक. मुंबईच्या दमट हवेत गजकर्णासाठी अशा ट्यूब सर्रास विकल्या जातात. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी स्टेरॉइडच्या आडोशाने पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो. पोटासारख्या ताणलेल्या कातडीवर इतकं तीव्र औषध रोज चोपडणं वेगळंच. तीव्र गटातली मलमं गरोदरपणात एकूण 300 ग्रॅमच्या वर गेली, तर बाळाचं वजन कमी भरण्याशी संबंध आढळला आहे. तिची अर्धी ट्यूब त्याच्या जवळपासही नव्हती, हे लगेच सांगितलं. नाहीतर एक भीती काढून दुसरी घालायची.

स्टेरॉइडचं नाव ऐकून काही जणी डॉक्टरांनी दिलेलं सौम्य मलमही लावत नाहीत. तीही चूकच. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य किंवा मध्यम ताकदीचं मलम या पुरळावरचा नेहमीचा, सुरक्षित उपचार आहे. मोजायची पद्धत सोपी आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ पिळली की सुमारे अर्धा ग्रॅम होतं, आणि ते बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. फक्त चट्ट्यांवर, डॉक्टरांनी सांगितलं तितक्याच वेळा. सिट्रिझिन किंवा लोराटाडिनची गोळी गरोदरपणात दिली जाते, पण तीही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. घरातल्या सर्दीच्या गोळीत तेच किंवा त्याच जातीचं औषध असेल तर डोस दुप्पट होतो.

दिवसाची घडी अशी बसवली. आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत. गीझरचं कडकडीत पाणी अंगावर घेताना खाज थांबल्यासारखी वाटते आणि अर्ध्या तासात दुप्पट होते. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, वर कातडीचं तेल धुऊन जातं. साबण काख, जांघ आणि पायांपुरता. घासणी बंद. अंग पंचाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि तीन मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच, मॉइश्चरायझर किंवा साधं खोबरेल. किती लावायचं हे कोणी सांगत नाही. पूर्ण अंगाला एका वेळी 20 ते 30 ग्रॅम लागतं. म्हणजे दिवसातून दोनदा लावलं तर 100 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपते. ती महिनाभर पुरत असेल तर लावणं नावापुरतंच चाललंय. महागडी, वासाची क्रीम परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये, बिनवासाची स्वस्त बाटली जास्त उपयोगी. मात्र मे महिन्यात दिवसा अंगभर घट्ट पेट्रोलियम जेली फासली तर घाम अडकून घामोळं उठतं. म्हणून दिवसा पातळ लोशन, रात्री पंख्याखाली तेल. लोशनची बाटली फ्रिजच्या दारात ठेवली तर गारव्यानेच निम्मं काम होतं.

रात्रीसाठी कंगव्याच्या जागी दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. "खाजवू नका" एवढंच सांगितलं की माणूस अपराधी वाटून घेतो आणि अंधारात खाजवतो. उशाशी एका वाडग्यात पाणी आणि जुना मऊ पंचा. खाज उसळली की तो पिळून दहा मिनिटं चट्ट्यावर ठेवायचा. बर्फ थेट नाही. पंचा उचलला की तळव्याने दाबून धरायचं, चोळायचं नाही. नखं बोटाबरोबर कापलेली. सैल सुती गाऊन, नवा असेल तर आधी धुतलेला. इलॅस्टिक पोटाखाली. कपडे साबणाच्या पावडरीतून काढल्यावर दोनदा खळबळून काढायचे. हे काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं, आणि घरातली त्यांची जागा "काय खाल्लंस" विचारणारीवरून एकदम बदलली.

ती भांडुप ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने अंधेरी असा रोजचा प्रवास करत होती. लेडीज डब्यातल्या सकाळच्या घामाघूम रेटारेटीत कुठलंही मलम टिकत नाही. कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले 8 आठवडे बाळंतपणाच्या तारखेआधी घेता येतात. पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतर बाळाजवळून कमी होतो, म्हणून ती अडून बसली होती. तो हिशोब तिचाच, त्यात आपण मत घालू नये. तिने डॉक्टरांची चिठ्ठी देऊन तीन आठवडे घरून काम मागायचं ठरवलं. जाणं भाग पडेल त्या दिवशी गर्दीची वेळ टाळून, दिव्यांग डब्यातून. गरोदर बाईला तिथे बसता येतं, कागद जवळ ठेवावा.

उठता उठता सासूबाई म्हणाल्या, "आमच्या शेजारणीचं बरंय बाई. तिलाही आठवाच. तिचे नुसते तळहात-तळपाय खाजतात, पुरळाचं नाव नाही."

त्या वाक्यावर त्यांना पुन्हा खाली बसवलं.

अंगभर लाल चट्टे बघून सगळं घर घाबरतं आणि ते बहुधा निरुपद्रवी निघतात. जिच्या अंगावर ओरखड्यांशिवाय काही दिसत नाही, जिला रात्री तळहात-तळपाय जमिनीवर घासावेसे वाटतात, तिला "गरोदरपणात खाज सुटतेच" म्हणून परत पाठवलं जातं. तिची रक्ततपासणी आधी व्हायला हवी. यकृतातून पित्ताचा निचरा मंदावला की पित्ताम्लं रक्तात साठतात आणि अशी खाज सुटते. याला गरोदरपणातलं कोलेस्टेसिस म्हणतात. बहुतेक वेळा शेवटच्या तिमाहीत. लघवी गडद, शौच फिकट, डोळे पिवळसर ही लक्षणं असू शकतात, पण ती नसली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

तपासण्या दोन: यकृताचं काम बघणारी एलएफटी आणि रक्तातली पित्ताम्लं मोजणारी सीरम बाइल अ‍ॅसिड. दुसरी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, म्हणून एलएफटी करून थांबतात, आणि एलएफटी नॉर्मल असताना पित्ताम्लं वाढलेली असू शकतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज गरोदरपणात वारेमुळे आपोआप वाढतं, तेवढ्यावरून घाबरू नये. आणि खाज आधी, आकडे मागून, असंही होतं. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला येऊनही खाज चालूच असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं.

शेजारीण दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांकडे गेली. पित्ताम्लं लिटरला 46 मायक्रोमोल. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनेत 19 ते 39 सौम्य, 40 ते 99 मध्यम आणि 100 च्या वर तीव्र धरतात. पोटात बाळ दगावण्याचा धोका प्रामुख्याने 100 च्या वर वाढतो. त्याखाली, दुसरी काही गुंतागुंत नसेल तर, 38-39 आठवड्यांपर्यंत तो इतर गरोदर बायकांइतकाच राहतो. म्हणजे घाबरून उद्याच बाळंतपण करायचं कारण नव्हतं, पण दर आठवड्याला आकडा बघणं आणि 38 ते 39 आठवड्यांच्या दरम्यान तारीख ठरवणं गरजेचं होतं. तिला अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. त्यांनी खाज थोडी कमी होते. बाळाचा धोका कमी होतो असं मात्र 2019 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. म्हणून गोळी चालू आहे, आता तपासणी कशाला, असं म्हणून चालत नाही. बाळाची हालचाल मंदावली वाटली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठायचं, हे तिच्या नवऱ्यालाही सांगितलं.

बाकी खाजेची कारणं थोडक्यात. बेंबीभोवतीच सुरू होऊन पाण्याचे फोड येत असतील तर तो पेम्फिगॉइड नावाचा दुर्मिळ त्वचारोग असू शकतो, लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. घरात सगळ्यांनाच खाज, बोटांच्या बेचक्यात दाणे: खरूज, आणि उपचार सगळ्या घराने एकाच दिवशी घ्यायचा. पहिल्या सहा महिन्यांत कोपराच्या, गुडघ्याच्या वळीत खाज, घरात दमा किंवा इसब: जुनी अ‍ॅलर्जी वर आलेली असते. पुरळासोबत ताप असेल तर घरी थांबू नये.

पहिल्या ताईचं पुरळ बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात उतरलं. दंडावर कंगव्याच्या पुसट रेघा आहेत, त्या जायला अजून काही महिने लागतील. शेजारणीची खाज बाळ झाल्यावर काही दिवसांतच थांबली, पण एलएफटी निदान चार आठवड्यांनी पुन्हा करून ती नॉर्मल झाल्याची खात्री करायची असते. तिची झाली. पुढच्या गरोदरपणात हा त्रास परत येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून निदान आणि पित्ताम्लांचा सर्वात मोठा आकडा माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायला सांगितलं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी हीच खाज पुन्हा सुटू शकते. तांबी की नुसत्या प्रोजेस्टेरॉनची गोळी, हे ठरवायला ती नवऱ्याला घेऊन पुढच्या महिन्यात येणार आहे.